दातांतली काडी

बेसिन आणि कमोड बनवणाऱ्या कारखान्यात एक माणूस असा असतो, की ज्याच्या हातात दिवसभर फक्त एक लाकडी हातोडी असते. भट्टीतून माल बाहेर आला, निवला, की त्याने प्रत्येक नगाला हलकासा ठोका द्यायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर माल चांगला. बद्द वाजला तर आत कुठेतरी केसाएवढा तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. लाल खडूने फुली मारायची आणि बाजूला काढायचा. आपल्या गोष्टीतला माणूस हे काम सतरा वर्षं करत होता, आणि सगळा कारखाना त्याला कानसेन म्हणायचा. थट्टेखोर म्हणायचे, "अर्धं शहर रोज सकाळी तुझ्या भरवशावर बसतं, बाबा." तो हसायचा. सतरा वर्षं एकाच विनोदाला हसणं हाही नोकरीचाच भाग होता.

आता खरी गोष्ट सांगायची तर गेली तीन वर्षं कानसेनला नीट ऐकू येत नव्हतं.

ठार बहिरा नव्हता तो. भट्टीजवळ पंखे इतके घोंघावतात की तिथे सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे कारखान्यात त्याचं निभून जायचं. पंचाईत व्हायची ती शांत खोलीत. तिथे माणसं हळू बोलतात, आणि हळू बोललेलं त्याच्यापर्यंत पोचेनासं झालं होतं. समोरच्याचं तोंड दिसलं तर तो ओठांवरून निम्मं जुळवायचा, उरलेलं अंदाजाने. पण बेसिनला कुठे ओठ असतात? पहिले काही महिने त्याने नुसत्या नशिबावर काढले. मग एक दिवस खूण करायची पेन्सिल दातांत धरून तो एका नगावर वाकला होता, पेन्सिलीचं टोक बेसिनच्या काठाला टेकलं आणि त्याच वेळी शेजारच्याने सहज म्हणून ठोका मारला. तो आवाज त्याच्या डोक्यात असा उतरला, की कित्येक दिवसांत काहीच इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं. कानांनी नव्हे, दातांनी ऐकलं. जबड्याच्या हाडातून.

त्या दिवसापासून त्याच्या तोंडात वीतभर लांबीची एक लाकडी काडी आली. एक टोक दातांत, दुसरं मालाला टेकवायचं, ठोका द्यायचा. मुकादम एकदा म्हणाला, "काय रे, दाती तृण धरून कुणाला शरण चाललास?" तो म्हणाला, "तंबाखू सोडली. तोंडाला काहीतरी चाळा पाहिजे." मुकादमाने मान डोलावली आणि विषय संपला. माणसं एवढ्यावर गप्प बसतात, हे त्याला तेव्हा कळलं. वाईट सवय लागली ती तिथे.

घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी एका जागी बसायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. या भिंगरीनेच तो दुसरा शोध लावला. एकदा ती त्याच्या पाठुंगळीला होती, हनुवटी त्याच्या टाळूवर टेकून काहीबाही बडबडत होती, आणि तिचा शब्द न् शब्द त्याच्या डोक्यात आत बोलल्यासारखा ऐकू आला. तो थबकला. पोरीला काय कळलं देव जाणे, पण त्यानंतर तिला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती यायची आणि म्हणायची, "बाबा, डोकं दे." तो खाली वाकायचा. ती हनुवटी टेकवायची आणि सांगायची. बायको हसून बघायची. बापलेकीचा खेळ आहे असं तिला वाटतं, असं तो धरून चालला होता.

भिंगरीचं पहिलं हाड मोडलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. पलंगावरून पडली, मनगट मोडलं. पलंग केवढा, तर हातभर उंच. सगळे म्हणाले, पोरं पडतातच. दुसऱ्या वेळी पाच वर्षांची. आईने दोन्ही दंड धरून ओट्यावर बसवायला उचललं आणि गळ्याजवळचं हाड कट्कन गेलं. तेव्हा मात्र कानसेन बायकोवर उखडला होता. "पोर आहे ती, पिशवी नाही," तो म्हणाला होता. "तुला साधं धरताही येत नाही नीट." बायको धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची, दिवसाला ढीगभर कपडे नाजूक हाताने हाताळायची. बरेच दिवस ती पोरीला उचलायच्या आधी हात पुसायची, का कोण जाणे.

आणि हे बोलणारा माणूस कोण? ज्याचा स्वतःचा हात लहानपणी दोनदा मोडला होता, एकदा गळ्याजवळचं हाड. ज्याच्या बापाचा पाय तीनदा मोडून शेवटी वाकडाच राहिला. ज्याची आत्या घराण्यात 'धडपडी' म्हणूनच ओळखली जायची. पण त्यांच्या घरात मोडण्याला कारणं पुष्कळ होती. पायरी निसरडी, फरशी ओली, पोरगं उनाड. बाप चाळिशीत बहिरा झाला, तर ते लॉरीच्या इंजिनाने. एकदा कारण हाताशी आलं की माणूस पुढे शोधत नाही. ते घराणं पिढ्यान्‌पिढ्या असं तुटत आणि सांधत आलं होतं, आणि दर वेळी खापर कुणाच्या तरी हातावर फुटत होतं.

तिसरी वेळ बुटाची. शाळेतून आली तेव्हा रबरी बूट ओले झाले होते आणि एक पायातून निघेना. आई खाली बसली, टाच धरली आणि ओढला. बूट निघाला, आणि त्याबरोबर नडगीतून आवाज आला. बायकोने तो ऐकला. त्याच खोलीत, तीन पावलांवर, कानसेन आरशात बघून दाढी करत होता. त्याला काही ऐकू आलं नाही. आरशात पोरीचं वासलेलं तोंड दिसलं तेव्हा तो वळला.

दवाखान्यात प्लास्टर झालं. मांडीपासून बोटांपर्यंत. तीन वर्षांत तिसरं हाड म्हटल्यावर दवाखान्याने नियमाप्रमाणे बालसंरक्षण कार्यालयाला कळवलं, आणि तिथल्या एक बाई कागद घेऊन आल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांनी भिंगरीला विचारलं, काय झालं? भिंगरी खरं तेच बोलली, "आईने ओढलं." मग त्यांनी कानसेनला विचारलं, "तुम्ही खोलीत होतात ना? आधी बूट निघाला की आधी मुलगी ओरडली? आवाज कधी आला?"

"मी पाठमोरा होतो," तो म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना खोलीत बोलावलं. मध्यम वयाची, केस बारीक कापलेली, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघणारी बाई. कानसेनच्या दृष्टीने हे बरं होतं. त्यांनी उजेडाच्या पाटीवर लावलेला हाडांचा फोटो दाखवला, मग म्हणाल्या, "मला वेगळाच संशय आहे. तुमच्या मुलीच्या डोळ्यांतला पांढरा भाग बघितलात कधी? किंचित निळसर आहे. काही मुलांची हाडं मुळातच ठिसूळ असतात. हाड ज्या धाग्यांनी विणलेलं असतं, ते धागेच कमी किंवा कच्चे पडतात. अशा मुलाला कुणी मारावं लागत नाही. बूट ओढला तरी पुरतो."

बायकोने श्वास सोडला. तो कानसेनला ऐकू आला नाही, पण तिचे खांदे उतरलेले दिसले.

"पण नुसत्या निळसर डोळ्यांवर मी कार्यालयाला लिहून देऊ शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्ताची तपासणी बाहेर पाठवावी लागते, तिला दोन-तीन महिने जातात. मात्र हा आजार बहुतेक वेळा आईकडून नाहीतर बापाकडून येतो. घरात आधी कुणाला असेल तर मी आजच ठाम लिहीन. म्हणून नीट आठवून सांगा. कुणाची हाडं वारंवार मोडलीत? कुणाला तरुणपणीच ऐकू येईनासं झालंय? कानाच्या आत तीन इवलीशी हाडं असतात, हा आजार त्यांनाही सोडत नाही."

बायको म्हणाली, "माझ्याकडे कुणी नाही." आणि थांबली.

आता सगळं त्याच्यावर होतं. आणि त्याला सगळं कळलंही होतं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याने स्वतःच स्वतःला फार दिवस फसवलं की आपल्याला नीट समजलं नव्हतं. त्याला बापाचा वाकडा पाय दिसला. दातांतली काडी आठवली. आदल्याच आठवड्यात मुकादम म्हणाला होता की यंदा तपासणीवाल्यांचे कान तपासून घेणार आहेत, नवीन साहेबांचा हुकूम. आणि या सगळ्याच्या खाली, सगळ्यात जड, ते एक वाक्य बसलं होतं: तुला साधं धरताही येत नाही नीट. हे उलटं गिळायचं तर घसा तेवढा मोठा पाहिजे.

"आमच्या घराण्याचे कान तिखट आहेत, डॉक्टर," तो म्हणाला. "माझं पोटच कानांवर चालतं. तसं कुणी नाही आमच्यात."

"हाडं?"

"पोरवयात मोडतात तेवढीच."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि रक्ताच्या तपासणीचा कागद भरला. जाताना त्यांनी दोघांना उशीवर दाखवलं, पोरीला कसं उचलायचं: एक हात पाठीखाली, एक बुडाखाली, वजन पसरून. दंडाला, घोट्याला धरून कधी ओढायचं नाही. बायकोने दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा उशीच्या खाली हात घालताना ती त्याच्याकडे बघत नव्हती.

मग कार्यालयाची चिठ्ठी आली. चौकशी पुरी होईपर्यंत आईने मुलीजवळ राहायचं नाही. आठवड्यातून दोनदा कार्यालयातल्या बाईंच्या समोर भेट. बायकोने एका पिशवीत कपडे भरले आणि ती बहिणीकडे गेली. दारात तिने त्याला औषधांच्या वेळा सांगितल्या. शेवटी काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, त्याच्या तोंडाकडे बघत थोडा वेळ थांबली, आणि मिटलं. भिंगरीला सांगितलं होतं की मावशीला बरं नाही म्हणून आई गेलीये. भिंगरी म्हणाली, "माझ्यापेक्षा पण बरं नाही?"

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या. सगळे त्यांना शिवणमावशी म्हणायचे. त्या आपलं शिवणयंत्र उचलून वरच घेऊन आल्या आणि कानसेन कामावर असेतो भिंगरीपाशी बसू लागल्या. सकाळी त्या येईपर्यंत आणि संध्याकाळी गेल्यानंतर बापलेक दोघंच. तो सगळं करायचा. वेणी घालायचा, वाकडी का होईना. शू-शीसाठी भांडं लावायचा, पुसायचा, पाठीखाली एक हात, बुडाखाली एक हात. रात्री पोरीचा पलंग आपल्या पलंगाला चिकटवून तिच्या फ्रॉकचं टोक आपल्या मनगटाला बांधून झोपायचा, म्हणजे ती हलली की जाग येईल. हे त्याला सुचलं. खरं बोलायचं मात्र सुचलं नाही. दोन-तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे, तो मनाला सांगायचा, रक्ताचा कागद येईल, आपोआप सगळं मिटेल, माझ्या तोंडाने काही सांगावंच लागणार नाही.

अकराव्या दिवशीची सकाळ. भिंगरी पलंगावर चित्रं रंगवत होती. कानसेन स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून दूध तापवत उभा होता. दूध वर आलं, त्याने गॅस बंद केला. पेल्यात ओतलं, साखर घातली, ढवळलं. पातेलं रिकामं झालंच आहे तर विसळून टाकू म्हणून विसळलं. ओटा पुसला. त्या दिवशी त्याचं मन जरा हलकं होतं, कारण दुपारी आईची भेट होती आणि भिंगरीने आईसाठी चित्र काढलं होतं. पेला घेऊन तो वळला, तर दारात शिवणमावशी उभ्या. धापा टाकत होत्या, तोंड हलत होतं. त्याला वाटलं, आज लवकर आल्या. तो हसला.

मावशींनी त्याचा दंड धरला आणि त्याला खोलीकडे वळवलं.

भिंगरी जमिनीवर होती. प्लास्टरचा पाय पलंगाच्या कडेला अडकलेला, उजवा हात अंगाखाली, खांद्यापासून नको त्या बाजूला वळलेला. तिला शूला जायचं होतं. रडत नव्हती ती. रडून संपलं होतं.

"अहो, किती हाका मारत होती पोर," मावशी म्हणाल्या. आता त्या त्याच्या समोर होत्या, ओठ दिसत होते. "मला खाली ऐकू येत होत्या. बाबा, बाबा, बाबा. मला वाटलं तुम्ही घरात नाही."

पेला त्याच्या हातातच होता. तो त्याने नीट टेबलावर ठेवला, सांडू न देता. अशा वेळी माणूस काय काय नीट करतो.

दवाखान्यात हात सांधला. गळ्यात झोळी आली. आता पोरीला एक पाय आणि एक हात उरला. डॉक्टरीणबाई आल्या, कार्यालयातल्या बाईही आल्या. कुणी बोलावलं असेल, नियम असेल. मावशी कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. कार्यालयातल्या बाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि मऊ आवाजात विचारलं, "बाळा, कसं झालं? तू एकटी का उतरलीस? बाबांना हाक नाही मारलीस?"

कानसेन पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तिथून त्याला पोरीचे ओठ स्वच्छ दिसत होते. भिंगरीने आधी बाईंकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"नाही मारली," ती म्हणाली. "मी हाकच मारली नाही. मी गुपचूप उतरले. बाबांचं काही नाही."

मावशींनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्याही काही बोलणार नव्हत्या; ते त्याला दिसलं. सुटका समोर होती. सहा वर्षांच्या पोरीने, एक हात झोळीत, एक पाय प्लास्टरमध्ये, ती त्याला देऊ केली होती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर तो तरबेज.

"खोटं बोलतेय ती," कानसेन म्हणाला. आवाज मोठा निघाला असावा, कारण सगळे दचकले. "खूप हाका मारल्या तिने. खालच्या मजल्यावर ऐकू गेल्या. मी दहा पावलांवर होतो. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. माझ्या बापालाही येत नव्हतं. त्याचा पाय तीनदा मोडला होता. माझा हात दोनदा." मग खिशातून ती काडी काढून त्याने पलंगावर ठेवली, दातांच्या खुणांनी चावून चावून बारीक झालेली. "मी ह्याने ऐकतो," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी काडी उचलून बघितली. मग त्यांनी खणातून एक चिमट्यासारखं लोखंडी साधन काढलं, गुडघ्यावर आपटलं आणि त्याच्या कानाशी धरलं. "येतंय?" त्याने मान हलवली. नाही. मग तेच त्यांनी त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवलं. त्याच्या डोक्यात लांब, बारीक सूर वाजायला लागला. "आता येतंय," तो म्हणाला, आणि त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू फुटलं.

त्या म्हणाल्या ते सगळं त्याने ओठांवरून वाचलं. बापाकडून त्याला, त्याच्याकडून पोरीला. नाणं उडवल्यासारखं असतं, मुलात आलं तर आलं, नाहीतर नाही. त्याच्यात सौम्य उतरलं, पोरीत जास्त. पूर्ण बरं होत नाही. पण हाडं बळकट करायचं औषध आहे, ते सुईतून देता येतं, लवकर सुरू केलं तर बरं. "अकरा दिवसांपूर्वी सुरू करता आलं असतं," असं त्या म्हणाल्या नाहीत. ते तो स्वतःच म्हणाला. त्यांनी कागद घेतला आणि त्या कार्यालयाला पत्र लिहायला बसल्या. "यात कुणाचा दोष नाही," लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. आजाराबद्दल ते खरंच होतं.

संध्याकाळी बायको आली. कुणाची परवानगी न घेता, एकटी, आता तिला कुणाची गरज नव्हती. आधी पोरीपाशी गेली, पाठीखाली हात घातला, बुडाखाली हात घातला, तिला जराशी वर सरकवलं. भिंगरीने तिला चित्र दिलं. ती झोपली तसे दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसले. कानसेन म्हणाला, "तुला कळलंच असेल. मला ऐकू येत नाही."

बायकोने बाकावर बोटांनी दोनदा वाजवलं. लाकडातून ते त्याच्या मांडीला जाणवलं आणि त्याने वळून तिच्या तोंडाकडे बघितलं. वळल्यावर त्याला कळलं. ती हे रोज करायची. जेवताना टेबलावर, पलंगाच्या कडेवर, दाराच्या चौकटीवर. आधी वाजवायची, तो वळायचा, मगच बोलायची. उजेडाकडे तोंड करून बसायची. तीन वर्षं. तिची सवय आहे असं तो समजत होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"बायको आहे मी तुमची."

"मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस? एका शब्दात सुटली असतीस."

"मला वाटलं, तुम्ही सांगाल," ती म्हणाली. "नोकरी तुमची, कान तुमचे. मी कसं सांगायचं? थांबले मी. तुम्ही सांगाल म्हणून थांबले, दारातसुद्धा थांबले." ती ओठ नीट हलवत बोलत होती, त्याला कळावं म्हणून, रागातसुद्धा. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं ते मी तीन वर्षं सांभाळलं. पण तुम्ही 'नाही' म्हणालात, ते मला स्वच्छ ऐकू आलं. आता मी बोलले नाही म्हणून माझ्या पोरीचा हात मोडला, हेही माझ्याच गळ्यात आहे. ते काही तुम्हाला घेता येणार नाही."

त्याला तिचा हात धरायचा होता. धरला नाही. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने मुकादमाच्या टेबलावर हातोडी ठेवली. मुकादम म्हणाला, "कान तपासून तर होऊ दे." तो म्हणाला, "झाले तपासून." त्याला पॅकिंगच्या शेडमध्ये टाकलं, पेंढा भरायच्या कामावर, पगार कमी. शेडमध्ये त्याला कुणी कानसेन म्हणत नाही. थट्टाही करत नाहीत, आणि तेच जास्त लागतं. त्याच्या हातून तीन वर्षांत किती तडे गेलेले नग बाहेर गेले असतील, कुणाच्या घरात बसले असतील, हे तो पेंढा भरताना मोजायचा प्रयत्न करतो. उत्तर येत नाही.

बायको घरी आली. बोलते, जेवायला वाढते, औषधांच्या वेळा सांभाळते. सुईला पोरीला दोघं मिळून नेतात. बोलायच्या आधी ती अजून टेबलावर वाजवते, पण एकदाच.

भिंगरी घरी आली त्या दुपारी त्याने तिला पलंगावर ठेवलं, उशा लावल्या आणि तो उठणार तोच तिने डाव्या हाताने त्याची बाही ओढली.

"बाबा, डोकं दे."

तो घाबरला. आता त्याला त्याच्या डोक्याचंसुद्धा वजन वाटायला लागलं होतं. पलंगाशेजारी गुडघे टेकून त्याने मान खाली घातली, आणि तिच्या हनुवटीवर भार पडू नये म्हणून दोन्ही तळहात जमिनीवर रोवले. तिने हनुवटी टाळूवर टेकवली. बायको दारात इस्त्रीचे कपडे घेऊन उभी होती.

"मी खोटं बोलले नव्हते, बाबा," भिंगरी त्याच्या डोक्यात म्हणाली. "मी हाक मारली होती. पण हळूच मारली होती. म्हणून नाही म्हटलं."

तो तसाच वाकून राहिला.

"हो," तो म्हणाला. "हळूच मारली असशील."

मग बायकोने कपडे खाली ठेवले आणि पोरीला पाणी पाजायला ती आत आली.